वीस वर्षं डीएपी टाकलेल्या काळ्या रानाचं काय करायचं?

प्रश्न असा आहे. औसा तालुक्यात आठ एकर काळी जमीन. वीस-बावीस वर्षं सोयाबीन आणि त्यामागं हरभरा. सोयाबीनच्या पेरणीला दरसाल एकरी एक पोतं डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), जमलं तर वरून थोडा युरिया. पूर्वी एकरी दहा-अकरा क्विंटल सोयाबीन व्हायचं, आता पाऊस बरा झाला तरी सात-आठवर अडकतं. रान कडक झालंय, नांगरटीची ढेकळं फुटत नाहीत. आजोबांच्या काळी दावणीला बैलं-म्हशी होत्या, उकिरडा सगळा रानात जायचा. मग रासायनिक खत एकदम बंद करून नुसत्या शेणखतावर यावं का, आणि जमीन किती वर्षांत मूळपदावर येईल?

बंद करू नका. तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. रान थकलंय हे खरं, पण खतानं ते जळालंय असं मला वाटत नाही. माझं आयुष्य माती तपासण्यात आणि लातूर-परभणीकडच्या बांधांवर गेलं. तुमच्यासारख्या रानांचे जे अहवाल पाहिले, त्यांत रान उपाशी असल्याचं दिसतं. डीएपीत जे आहे तेवढं पोटभर गेलं, बाकी काहीच गेलं नाही.

आधी 'युरियानं जमीन आंबट होते' हे बाजूला काढू, कारण सभेत, मोबाईलवर सगळीकडे तेच फिरतंय. ते खोटं नाही, पण ते आपल्या मातीचं नाही. हिमाचलात पालमपूरला १९७२ पासून मका-गव्हावर कायमस्वरूपी प्रयोग चालू आहे. तिथं ज्या प्लॉटला वर्षानुवर्षं फक्त नत्र (नायट्रोजन) दिलं, तिथली माती इतकी आम्ल झाली की काही वर्षांनी उत्पादन शून्यावर आलं. रांचीच्या लाल मातीतही नुसत्या नत्राच्या प्लॉटचे हाल झाले. आपली जमीन बेसाल्टची, चिकण, सामू (पीएच) आठच्या आसपास, नांगरलं की चुनखडीचे खडे वर येतात. युरियातून होणारी आम्लता तो चुना खाऊन टाकतो. मराठवाड्याच्या काळ्या रानात युरियाचं दुखणं वेगळं आहे. वर फेकून मातीआड केला नाही तर सामू जास्त असल्यानं त्यातलं बरंच नत्र अमोनियाच्या रूपानं हवेत उडतं. जमीन आंबत नाही, पैसे उडतात.

लांब मुदतीचं खरं काय घडतं हे सांगायला प्रयोग पुष्कळ आहेत. सगळ्यांत जुना इंग्लंडात रोथॅमस्टेडला, १८४३ पासून चालू. आपल्याकडं कानपूरला १८८५ मध्ये असे प्लॉट पडले, नंतर पुसा आणि कोइमतूरला. १९७० मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं देशभराची योजना उभी केली. जबलपूरच्या काळ्या मातीत १९७२ पासून सोयाबीन-गहू आहे, आणि आपल्या परभणीच्या विद्यापीठात २००६-०७ पासून सोयाबीन-करडई. मांडणी सगळीकडे साधारण सारखी असते. एका प्लॉटला काहीच नाही, एकाला फक्त नत्र, एकाला नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस), एकाला त्यांच्या जोडीला पालाश (पोटॅश) म्हणजे तिन्ही, एकाला तिन्ही अधिक शेणखत, एकाला नुसतं शेणखत, एकाला गंधक वगळून. औशाहून परभणी काही लांब नाही. एकदा स्वतः जाऊन ते प्लॉट बघा. शेजारी-शेजारी उभं पीक पाहिलं की जे कळतं, ते मी इथं कितीही लिहिलं तरी कळणार नाही.

या प्रयोगांतून पहिली गोष्ट अशी दिसते की सगळ्यांत वाईट अवस्था खत टाकलेल्या रानाची नसते. काहीच न दिलेल्या रानाची असते, आणि त्याच्या जवळपास एकाच खतावर चालवलेल्या रानाची. नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही मोजून दिलेल्या प्लॉटमध्ये सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळांतला कार्बन) बहुतेक ठिकाणी घटत नाही. उलट काहीच न दिलेल्या प्लॉटपेक्षा थोडा जास्तच सापडतो. कारण पीक जोमात आलं की मुळं जास्त, पालापाचोळा जास्त. दुसरी गोष्ट, तिन्ही खतं आणि त्यावर शेणखत मिळालेला प्लॉट वर्षं सरतील तसा पुढं जातो आणि कमी पावसाच्या सालातही टिकून राहतो.

आता तुमच्या पोत्याचा हिशेब करू, सगळं दुखणं तिथंच आहे. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. पालाश शून्य, गंधक शून्य, जस्त शून्य. एकरी दहा क्विंटल सोयाबीन नुसत्या दाण्यातून साधारण ६० किलोच्या वर नत्र, १३ किलोच्या आसपास स्फुरद, २० किलो पालाश आणि तीनेक किलो गंधक घेऊन मोंढ्यात जातं. नत्राचा मोठा भाग मुळांवरच्या गाठी हवेतून आणतात, त्याची फारशी चिंता नाही. पण बाकीचं बघा. स्फुरद नेलं १३, दिलं २३. पालाश नेलं २०, दिलं काहीच नाही. हे वीस वर्षं चाललं. म्हणजे एकरी साडेतीनशे-चारशे किलो पालाश एकट्या सोयाबीनच्या दाण्यातून गेलं, हरभऱ्याचं आणि बांधाबाहेर गेलेल्या भुसकटाचं वेगळं.

'काळ्या मातीत पालाश भरपूर असतो' असं आम्हीच लोकांना सांगत आलो. माती परीक्षणाच्या कागदावर आजही तो बहुतेक ठिकाणी जास्त दिसतो. काळी चिकणमाती खोलवर धरलेला पालाश हळूहळू सोडत राहते, म्हणून पंधरा-वीस वर्षं काही जाणवत नाही. पण लांब मुदतीच्या प्लॉटमध्ये जिथं पालाश दिलाच नाही, तिथं तो साठा घसरतानाच दिसतो. अहवालावरचा 'जास्त' हा शब्द बघून थांबू नका, तीन-चार वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघा.

उरलेलं स्फुरद कुठं गेलं? तुमच्या रानातच आहे, चुन्याला चिकटून बसलंय. वर त्याचा साठा वाढला की जस्ताची उचल कमी होते. आधीच चुनखडीच्या रानात जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही. जुलैमध्ये झडीनंतर सोयाबीनची शेंड्याकडची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते बहुतेक वेळा लोहाचं असतं. त्यावर लोक युरिया फेकतात. आठ-दहा दिवसांनी वाफसा आल्यावर पीक आपोआप हिरवं होतं आणि श्रेय युरियाला जातं.

गंधकाचं तर सोपं आहे. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचे, त्यात ११ टक्के गंधक फुकटात यायचा. डीएपी आलं, दाणा चांगला, पेरायला सोपं, पोती कमी, आणि गंधक गेला. तेलबियांच्या पिकाला गंधकाशिवाय चालत नाही. जबलपूरला गंधक वगळलेल्या प्लॉटमध्ये सोयाबीन मागं पडलं ते याचमुळं.

कडकपणाकडं येऊ. ढेकळं फुटत नाहीत याचा दोष लोक खताला देतात. मी आधी तीन गोष्टी विचारतो. हरभऱ्याला बोअरचं पाणी देता का? ट्रॅक्टर ओल्या रानात घालता का? दरसाल रोटाव्हेटरच फिरवता का? खोल बोअरच्या पाण्यात आपल्याकडे सोडियम आणि बायकार्बोनेट बऱ्याचदा जास्त असतं. काळी माती या बाबतीत नाजूक आहे. पुस्तकात चोपण (सोडियमनं बिघडलेल्या) जमिनीची रेषा १५ टक्के विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या, सोडियमला आखलेली असते, पण काळ्या मातीत तो पाच-सहा टक्क्यांच्या वर गेला तरी पाणी मुरेनासं होतं, रान चिबडतं आणि वाळल्यावर दगड होतं. तसं असेल तर जिप्समशिवाय गत्यंतर नाही, शेणखत त्याला फक्त हातभार लावेल. आणि अहवालात सोडियम नसेल तर जिप्सम टाकून पैसे घालवू नका. रोटाव्हेटर वरचे चार-पाच इंच पीठ करतो आणि खाली दाबलेला कडक थर, म्हणजे तळवा, तयार करतो. मूळ त्या तळव्याला जाऊन आडवं वळतं. दोन झाडं मुळासकट उपटून बघा, सोटमूळ सरळ गेलंय की काटकोनात वळलंय ते लगेच दिसेल.

या तिन्हींतलं काही नसेल, तर मग दुखणं कर्बाचं. काळी माती मुळातच चिकण. तिचे कण बांधून रवाळ ठेवायचं काम सेंद्रिय पदार्थ करतो, आणि त्यातला कर्ब आपल्याकडे बहुतेक रानांत ०.३ ते ०.६ टक्क्यांत अडकलेला आहे. महाराष्ट्रात ०.४० च्या आत असलेला कर्ब कमी धरतात. शेणखताचं जे काम कुठलंही पोतं करू शकत नाही ते हेच. त्याशिवाय लोह आणि जस्त पिकाला घेता येईल अशा रूपात धरून ठेवायचं कामही तेच करतं.

पण किती वर्षांत? इथं मी कुणालाही खूश करू शकत नाही. एकरात सहा इंच खोलीपर्यंत साधारण आठ लाख किलो माती असते. कर्ब ०.४ वरून ०.५ वर न्यायचा म्हणजे त्यात आठशे किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. चार टन कुजलेलं शेणखत घातलं, तर ओल वजा जाता त्यात सातशे किलोच्या आसपास कर्ब असतो, पण त्यातला पाचवा हिस्सा टिकला तरी पुष्कळ. बाकीचा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उघडं पडलेलं रान त्यांना अडवत नाही. म्हणजे एकरी चार टन, दरसाल, न चुकता, सहा-आठ वर्षं, तेव्हा कुठं हा एक दशांश टक्का. रोथॅमस्टेडला शेणखताच्या प्लॉटचा कर्ब बाजूच्या प्लॉटच्या दुपटीहून जास्त आहे, पण तिथं हेक्टरी ३५ टन खत दरसाल पडतं आणि हवा थंड. तिथल्याच बार्लीच्या रानात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं शेणखत घालून मग थांबवलं, तर त्या पट्ट्यात कर्ब शंभर वर्षांनंतरही जास्त सापडत होता. कमवायला वेळ लागतो तसा तो जायलाही वेळ लागतो. आपल्याकडे तेवढा टिकणार नाही, तरी दोन-तीन वर्षांत ०.८ टक्क्यांवर नेतो म्हणून बाटल्या विकणाऱ्याला हा हिशेब करून दाखवायला सांगा.

आता नुसत्या शेणखताचं बघू. तुमच्या आठ एकरांना एकरी चार टन म्हणजे वर्षाला ३२ टन खत लागेल. एका मोठ्या जनावरामागं वर्षाला दोनेक टन कुजलेलं खत निघतं. म्हणजे पंधरा-सोळा जनावरं. तुमच्या गोठ्यात किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आज आपल्या भागात दोन-तीनवर जनावरं असलेलं घर मोठं समजतात. विकत घ्यायचं म्हटलं तर ट्रॉलीचे भाव तुम्हाला माहीत आहेत, आणि त्या ट्रॉलीत खत किती नि माती किती हे देवालाच माहीत. तुमचे आजोबा शेणखतावर शेती करत होते हे खरं. पण तेव्हा कडबा घरच्याच जनावरांना जायचा आणि शेण रानात परत यायचं, माल थोडा बाहेर जायचा. एकरी दहा क्विंटल सोयाबीन आणि वर हरभरा अशी उचल त्या रानातून होत नव्हती.

तरी एक गोष्ट त्यांना साधली होती. शेणखत हे पालाशाचं चांगलं खत आहे. चार टनांत २० किलोच्या आसपास पालाश असतो, सोयाबीन दाण्यातून जेवढा नेतं जवळपास तेवढाच, आणि तो पिकाला चटकन मिळतो. नत्रही वीसेक किलो असतं, पण पहिल्या साली त्यातलं पाव-तिसरा हिस्साच हाती लागतं.

जीवामृताबद्दल हमखास विचारतात म्हणून इथंच सांगतो. दोनशे लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन. सगळ्याचं मिळून नत्र पाव किलोच्या आत. ते एकरभर. जिवाणू वाढत असतील, मी नाही म्हणत नाही, पण त्यांना खायला रानात काडी-कचरा तर हवा. ज्यानं भुसकट पेटवून दिलंय त्यानं जीवामृत सोडून काय उपयोग?

शेणखताचा तुटवडा भरून काढायला माझा भर त्या भुसकटावरच आहे. खळं झालं की सोयाबीनचं भुसकट तिथंच जाळतात किंवा विकतात. जाळलं की कर्ब, नत्र आणि बराचसा गंधक हवेत जातो, आणि पालाशाची राख खळ्याच्या एका कोपऱ्यात पडून राहते. ते रानात पसरायचं किंवा शेणात मिसळून कुजवायचं. पऱ्हाट्या आता यंत्रानं बारीक होतात. उसाचं पाचट तर कधीच जाळू नये, खोडव्यात कुट्टी करून सरीत दाबायचं. बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत, दोन-तीन वर्षांत छाटणीला येतं, पाला कोवळा आणि लवकर कुजणारा. पाणी असेल तर एखाद्या एकरात धैंचा किंवा ताग फुलोऱ्याच्या आधी गाडा. आणि बांध नीट करा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांची रानं खरडून गेली, त्यांचा वरचा थर गेला म्हणजे वर्षानुवर्षांचा कर्ब एका रात्रीत गेला. तुमच्या रानाला उतार असेल तर आडवी पेरणी आणि बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यांनी वाचणारा कर्ब ट्रॉलीनं आणलेल्यापेक्षा जास्त भरेल.

जे शेणखत आहे ते तरी नीट वापरलं जावं. आपल्याकडे मार्च-एप्रिलात खताचे ढीग रानात नेऊन टाकतात आणि ते मृगापर्यंत उन्हात वाळत पडतात. त्यातलं नत्र तिथंच संपतं. उकिरडा सावलीत ठेवा, वर मातीचा थर द्या, ओल टिकवा, आणि पेरणीआधी दोन-तीन आठवडे पसरून त्याच दिवशी वखरानं मातीआड करा. कच्चं शेण टाकू नका, हुमणी आणि तणाचं बी दोन्ही विकत घेतल्यासारखं होतं. आणि आठही एकरांवर भुरभुरण्यापेक्षा दरसाल एक-दोन एकरांना पोटभर द्या, पुढच्या साली पुढचा तुकडा.

यंदाचं म्हणाल तर मी असं करीन. उन्हाळ्यात, खत टाकण्याआधी, माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासायचं. नमुना नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणांहून, व्ही आकाराचा खड्डा करून, बांध, झाड आणि उकिरड्याची जागा सोडून घ्यायचा, आणि खताच्या रिकाम्या पोत्यात भरायचा नाही. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) आत, गंधक १० च्या आत, लोह ४.५ च्या आत आलं तर कमतरता समजायची. पेरणीला डीएपीऐवजी एकरी सुपर फॉस्फेटची तीन पोती, युरिया २६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. यात नत्र, स्फुरद, पालाश सोयाबीनच्या शिफारशीएवढं, म्हणजे हेक्टरी ३०:६०:३० च्या हिशेबानं बसतं आणि गंधक वर सोळा किलो मिळतो. युरिया आणि सुपर आदल्या दिवशी मिसळून ठेवू नका, चिखल होतो. अहवालात स्फुरद भरपूर आलं तर सुपर एक पोतं कमी करायला हरकत नाही. जस्त कमी असेल तर एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यायचं, स्फुरदाच्या खताबरोबर नाही, आणि ते दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. लोहाचं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या रानात नुसतं टाकलं तर वाया जातं, शेणखतातून द्या किंवा पिवळेपणा दिसल्यावर फवारा. ज्या तुकड्याला चार टन शेणखत मिळालं, तिथं पोटॅश वगळा.

सोयाबीनवर सोयाबीन हे वीस वर्षं चाललंय, त्याचाही उत्पादनात वाटा आहे. मूळकूज, खोडकूज आणि पिवळा मोझॅक ही काही खतानं बरी होणारी दुखणी नाहीत. एखाद्या तुकड्यात तूर मिसळा, एखाद्यात रब्बीला हरभऱ्याऐवजी ज्वारी घ्या. धसकटं आणि मुळं रानात राहतील, कडबा गोठ्यात येईल.

आणि परभणीचे प्लॉट बघून आल्यावर एक काम घरच्या रानात करा. एकाच तुकड्यात, एकाच उताराला, तिफणीच्या आठ-दहा तासांचे (ओळींचे) चार पट्टे आखा. पहिल्याला काहीच नाही, दुसऱ्याला तुमचं नेहमीचं डीएपी, तिसऱ्याला वर सांगितलेलं, चौथ्याला तेच आणि शेणखत. चारी कोपऱ्यांना दगड पुरा, कारण पट्टे दरसाल तिथंच पडले पाहिजेत. काढणीला प्रत्येक पट्टा वेगळा मळा आणि वेगळा तोला. मळणीयंत्रवाला घाई करील, एकत्र काढू म्हणेल, त्याचं ऐकू नका. पहिल्या साली दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यात फारसा फरक दिसणार नाही. चौथ्या-पाचव्या सालानंतर मला आकडे पाठवा.